शरीरात चुंबक बसवायचं तर त्यावर कोटिंग कसलं?

२०१६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या राईस युनिव्हर्सिटीतून बातमी आली की टायटॅनियम आणि सोनं एकत्र वितळवून असा मिश्रधातू मिळालाय जो शुद्ध टायटॅनियमच्या साधारण चौपट कडक आहे आणि शरीराला टायटॅनियमपेक्षाही जास्त मानवतो. बातमीत उल्लेख होता तो सांधे आणि दातांच्या इम्प्लांटचा. पण तेव्हापासून एक प्रश्न परत परत विचारला जातो, की हाच मिश्रधातू शरीरात बसवायच्या चुंबकावर चढवला तर? बोटात मॅग्नेट बसवून घेणारे हौशी लोक हे विचारतात, आणि खरं तर हा प्रश्न त्यांच्यापुरता नाहीये, कारण चुंबकं डॉक्टर लोकसुद्धा शरीरात बसवतात आणि त्यातली बरीच लहान मुलांच्या शरीरात बसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मिश्रधातू खरा आहे, संशोधन चांगलं आहे, पण चुंबकाच्या बाबतीत कडकपणा हा मुद्दाच नाही. मुद्दा वेगळाच आहे आणि तो समजला की या विषयावरची पुढची प्रत्येक बातमी आपली आपल्याला तपासता येते.

शरीरात चुंबक बसवतात तरी कशाला?

सगळ्यात ओळखीचं उदाहरण कॉक्लिअर इम्प्लांटचं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना हे बसवतात. कानामागे कातडीखाली इम्प्लांट असतं त्यात एक चुंबक असतं आणि बाहेर केसांत जी गोल चकती दिसते त्यात दुसरं, दोघं कातडीच्या आरपार एकमेकांना धरून ठेवतात आणि त्यामुळे आवाजाचा सिग्नल आत पाठवणारी बाहेरची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बरोबर आतल्या कॉइलसमोर राहते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून, म्हणजे अपंगांना साधनं मिळवून देणाऱ्या योजनेतून, जी मुलं हे ऑपरेशन करून घेतात त्यांच्यासाठी नोडल म्हणजे सगळं काम बघणारी संस्था म्हणजे आपल्या मुंबईतली वांद्र्याची अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांवर काम करणारी संस्था. म्हणजे महाराष्ट्रात असं चुंबक डोक्यात घेऊन शाळेत जाणारी मुलं आहेत, हा काही परदेशातला दूरचा विषय नाही.

दुसरं उदाहरण ॲसिडिटीचं. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला टायटॅनियमच्या मण्यांची एक रिंग बसवतात, प्रत्येक मण्यात चुंबक असतं, घास गिळला की मणी लांब होतात आणि घास गेला की परत एकमेकांना चिकटून दार बंद करतात. याला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१२ मध्ये परवानगी दिली.

तिसरं, पाठीचा कणा वाकडा असलेल्या लहान मुलांच्या पाठीत बसवायचे रॉड. आधी मूल वाढेल तसा रॉड वाढवायला साधारण दर सहा महिन्यांनी ऑपरेशन करावं लागायचं, चुंबकाच्या रॉडमध्ये बाहेरून एक मोठं चुंबक फिरवलं की आतलं फिरतं आणि स्क्रू उलगडून रॉड लांब होतो, मूल त्याच दिवशी घरी. कल्पना किती सुंदर आहे बघा. या रॉडचं पुढे काय झालं ते खाली येईलच.

आणि चौथे ते बोटवाले. अमेरिकेत २००० च्या दशकाच्या मध्यात स्टीव्ह हॉवर्थ आणि इतर बॉडी मॉडिफिकेशनवाल्यांनी बोटाच्या पेरात छोटी चुंबकं बसवायला सुरुवात केली. चालू ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरजवळ बोट नेलं की आतलं चुंबक थरथरतं आणि बोटातल्या संवेदी नसांना ते कळतं, म्हणजे एसी करंटचं चुंबकीय क्षेत्र चक्क जाणवतं.

अडचण चुंबकातच आहे

आज ही सगळी कामं बहुतेक करून नियोडिमियम चुंबकं करतात. नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचं हे चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुमितोमो कंपनीत मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या लोकांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. एवढ्याशा आकारात एवढी ताकद दुसऱ्या कुठल्याही चुंबकात नाही, म्हणून ते हवं असतं. पण ते गंजतं. नुसतं गंजत नाही, तर फार वाईट पद्धतीने गंजतं.

कारण असं की हे चुंबक एकसंध ओतीव धातू नसतं. काही मायक्रॉनच्या कणांची पावडर दाबून हजार अंशांच्या वर भाजून ते बनवतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या कणांच्या मधे मधे नियोडिमियम जास्त असलेला एक पातळ थर राहतो, चुंबकाला त्याची ताकद टिकवायला हा थर लागतोच, पण हाच थर पाण्याशी सगळ्यात जोरात रिॲक्शन करतो. पाणी आत शिरलं की हा मधला थर आधी खाल्ला जातो, त्यातून हायड्रोजन सुटतो, तो उरलेल्या धातूत शोषला जातो, धातू फुगतो आणि कण सुटे होऊन पडायला लागतात. फ्रिजच्या दारावरच्या किंवा पर्सच्या बटणातल्या चुंबकाचा टवका उडाला की पावसाळ्यात त्यातून राखाडी-काळी पूड पडायला लागते ना, ती हीच.

आणि शरीर म्हणजे पावसाळ्यापेक्षा वाईट जागा. सदतीस अंश, कायम ओलं, आणि जवळजवळ सलाइनइतकं खारट, म्हणजे लिटरला नऊ ग्रॅम मीठ. मिठातलं क्लोराइड धातूंचं संरक्षण फोडण्यात पटाईत आहे. शिवाय ऑपरेशननंतर जखमेत सूज असते तेव्हा तिथलं पाणी आम्लधर्मी होतं, एरवी पीएच ७.४ असतो तो पाचच्या जवळपास उतरू शकतो. म्हणजे ज्या दिवसांत कोटिंगची सगळ्यात कडक परीक्षा होते ते नेमके पहिलेच दिवस असतात.

शरीराला मानवतं म्हणजे नक्की काय

बायोकम्पॅटिबल हा शब्द सगळीकडे दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की ती वस्तू ठरलेल्या जागी, ठरलेल्या काळासाठी, ठरलेल्या कामासाठी शरीरात ठेवली तर शरीर तिला त्रास देत नाही आणि ती शरीराला त्रास देत नाही. यात जागा, काळ आणि काम हे तिन्ही महत्त्वाचे, आणि जाहिरातीत नेमके हेच तीन गळतात. याच्या तपासण्यांसाठी आयएसओ १०९९३ नावाची मानकांची मालिका आहे, पेशी मरतात का, ॲलर्जी येते का, धातूचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, किती सुटतात वगैरे.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवायला हवी. धातूचा ठोकळा मानवतो याचा अर्थ त्याच धातूची झीज होऊन पडलेली पूड मानवते असा होत नाही. कोबाल्ट-क्रोमचे खुब्याचे सांधे घ्या. धातू म्हणून तो वर्षानुवर्षं वापरात होता, पण धातूवर धातू घासणारे एका मोठ्या कंपनीचे सांधे २०१० मध्ये जगभरातून परत मागवावे लागले, कारण सूक्ष्म कण सुटून आजूबाजूचं मांस खराब होत होतं. भारतातल्या पेशंटनाही ते बसलेले होते, आणि त्यांना भरपाई मिळायला वर्षं गेली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण "धातू मंजूर आहे" या तीन शब्दांवर लोक पटकन विश्वास ठेवतात.

टायटॅनियम एवढं आवडीचं का, तर त्याच्या पृष्ठभागावर आपोआप ऑक्साइडचा काही नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग) जाडीचा थर तयार होतो आणि ओरखडा पडला तरी क्षणार्धात परत भरून येतो. हा थर पाण्यात विरघळत नाही, धातूला आणि शरीराला एकमेकांपासून लांब ठेवतो. नियोडिमियम चुंबकाकडे असं काहीच नाही, म्हणून त्याला बाहेरून कपडे घालावे लागतात. बाजारातल्या साध्या मॅग्नेटवर निकेल-तांबं-निकेल असे थर असतात, आणि निकेल म्हणजे खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान खाजून लाल होतात त्यांचा तो शत्रू. शरीरात ते कोटिंग चालतच नाही, त्यावर वाद नाही.

खरी गोष्ट आहे ती भोकाची

इथे गच्चीचं वॉटरप्रूफिंग डोळ्यांसमोर आणा. गच्चीवर कितीही महागडं केमिकल लावलं, वर दहा वर्षांची गॅरंटी घेतली, पण एका कोपऱ्यात पाइपाच्या बुडाशी केसासारखी एक फट राहिली तर पाणी तीच फट शोधतं. मग पाणी सळईपर्यंत जातं, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडून काढते, खाली प्लास्टर पडतं. केमिकल ब्रँडेड होतं का, कडक होतं का, हे कोणी विचारत नाही, फट होती का एवढंच.

चुंबकाचं शब्दशः असंच होतं. कोटिंगमध्ये एखादं मायक्रॉनभर भोक राहिलं, याला पिनहोल म्हणतात, की पाणी आत जातं, आतला भाग गंजून फुगतो आणि कोटिंगला आतून उचलतो, मग आणखी पाणी. आणि चुंबकाच्या बाबतीत यात एक भर पडते. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असले की त्यांची बॅटरी बनते. त्यातला जो जास्त सहज गंजतो तो दुसऱ्याच्याही वाटणीचं गंजतो. चांगलं, उच्च दर्जाचं कोटिंग म्हणजे न गंजणारा धातू, त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि भोकातून दिसणारा चुंबकाचा ठिपका एवढासा, म्हणजे सगळा गंजण्याचा जोर त्या एका ठिपक्यावर. त्यामुळे भोक असलेलं उत्तम कोटिंग कधीकधी कोटिंग नसण्यापेक्षा वेगाने त्या जागी खड्डा पाडतं. हे ऐकायला उलटं वाटतं पण खरं आहे.

"मग सोन्याचा मुलामा द्या की!"

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, आणि आपल्याकडे तर पहिला पडतो. सोनं गंजत नाही, दातात वर्षानुवर्षं राहतं. पण मुलाम्याचं सोनं पातळ असतं, पातळ थरात पिनहोल असतात, सोनं मऊ असल्यामुळे ओरखडाही लवकर पडतो, आणि वर सांगितलेली बॅटरी सोन्याइतकी जोरात फार कमी धातू चालवतात. सोनं स्वतः अगदी निष्पाप राहतं आणि खालचं चुंबक खाल्लं जातं. काही हौशी मॅग्नेटवर सोन्याचा मुलामा असतो, तेवढ्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

सिलिकॉनचं काय, तर बोटवाल्यांची पहिली चुंबकं सिलिकॉनमध्येच बुडवलेली होती. सिलिकॉन शरीराला मानवतं पण त्यातून पाण्याची वाफ हळूहळू आरपार जाते, बहुतेक सगळ्या प्लास्टिकमधून जाते, कमी-जास्त एवढाच फरक. आणि ते फाटतंसुद्धा. एका अमेरिकन पत्रकार बाईंनी आपल्या बोटातल्या चुंबकाचं सिलिकॉन फुटल्यावर काय झालं ते स्वतः लिहिलंय, बोट काळं पडलं आणि काढायला गेल्यावर चुंबकाचे तुकडे हाती आले. पॅरिलीन नावाचं प्लास्टिक याहून बरंच चांगलं, ते वाफेच्या रूपात बसतं म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यात सारखं पोचतं, पण पाणी कायमचं अडवायचं तर शेवटी धातू, काच किंवा सिरॅमिक याशिवाय पर्याय नाही.

टायटॅनियम-सोन्यात नक्की काय सापडलं

आता मूळ बातमीकडे. राईस युनिव्हर्सिटीतली एमिलिया मोरोसान यांची टीम कडक धातू शोधतच नव्हती. त्यांचं काम चुंबकत्वावरचं. टायटॅनियम आणि सोनं दोन्ही चुंबकीय नाहीत, तरी दोघांचं एकास एक संयुग थंड केल्यावर एका प्रकारचं चुंबकत्व दाखवतं असं त्यांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं. मग त्याच कुटुंबातली बाकीची संयुगं तपासताना तीन भाग टायटॅनियम आणि एक भाग सोनं असलेलं संयुग हातात आलं, एक्स-रे तपासणीसाठी त्याची पूड करायला गेले तर हिऱ्याचं कोटिंग असलेल्या खलबत्त्यातसुद्धा ते कुटलं जाईना. तिथून हे सगळं सुरू झालं.

हे संयुग आधीही लोकांना माहीत होतं. मग कडकपणा आधी का नाही सापडला? कारण याची दोन रूपं आहेत, अल्फा आणि बीटा. अणू तेच, प्रमाण तेच, रचना वेगळी. अल्फा साध्या टायटॅनियमइतपतच कडक, आणि आधीच्या लोकांच्या नमुन्यात बहुतेक अल्फाच होतं. बीटा रूप मिळवायला जास्त तापमान लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तीनास एक हे प्रमाण अणूंच्या संख्येचं आहे. सोन्याचा अणू टायटॅनियमच्या चौपटीहून जड, त्यामुळे वजनात बघितलं तर यात जवळजवळ ५८ टक्के सोनं येतं, म्हणजे सराफाच्या हिशोबाने साधारण १४ कॅरेट. ऐकून खर्चाची धास्ती वाटेल, पण तीन मिलिमीटर व्यासाच्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या चुंबकावर तीन मायक्रॉनचा थर चढवायला अर्धा मिलिग्रॅमसुद्धा सोनं लागत नाही. पैशाचा अडथळा तिथे नाहीये.

कडक आहे, पण कशासाठी?

गुडघ्यात किंवा खुब्यात धातू लाखो वेळा घासतो, तिथे कडकपणा म्हणजे कमी झीज, कमी पूड, आणि वर कोबाल्ट-क्रोमचं बघितलंत तसं पुडीचंच भांडण असतं. म्हणून सांध्यांसाठी ही बातमी खरोखर मोठी. चुंबक मात्र कातडीखाली चरबीत नाहीतर मांसात एका जागी पडून असतं. त्याला कोणी घासत नाही. त्याला सलग, बिनभोकाचं, आणि थोडं वाकलं तरी न तडकणारं आवरण लागतं.

आणि इथे टायटॅनियम-सोन्याची एक कमकुवत बाजू आहे. ज्या संयुगात अणू ठरलेल्या प्रमाणात आणि ठरलेल्या जागी बसतात ती इंटरमेटॅलिक संयुगं साधारणपणे कडक तशी ठिसूळही असतात. खालचं चुंबक जरा प्रसरण पावलं किंवा धक्का बसला की पातळ ठिसूळ थर तडकू शकतो.

यावर कोणी म्हणेल की मग टायटॅनियम नायट्राइड कसं चालतं, तेही कडक आणि ठिसूळच. बरोबर आहे. ते सोनेरी दिसणारं कोटिंग ड्रिल बिटवर असतं तेच, आणि हौशी लोकांच्या बऱ्याच नव्या मॅग्नेटवरही तेच असतं. ते तर टायटॅनियम-सोन्यापेक्षाही कितीतरी कडक. आणि तरीही त्याची अडचण कडकपणाची कधी नव्हतीच, व्हॅक्यूममध्ये चढवलेला त्याचा थर उभ्या खांबांसारखा वाढतो आणि खांबांच्या मधून पाण्याला वाट मिळते. म्हणून चांगले बनवणारे एकावर एक वेगवेगळ्या पदार्थांचे थर देतात, म्हणजे एका थरातलं भोक दुसऱ्या थरातल्या भोकासमोर यायची शक्यता कमी होते. टायटॅनियम-सोनं अशा थरांमधला एक थर म्हणून मला पटतं. एकटं, सगळ्या संरक्षणाची जबाबदारी घेऊन, नाही पटत.

भट्टीचा घोळ

बीटा रूपाला उष्णता लागते हे वर आलं. ब्रिटनमध्ये नॉर्थम्ब्रिया युनिव्हर्सिटीत टायटॅनियम-सोन्याचे पातळ थर चढवून पाहिलेत आणि नंतर तापवल्यावर त्यांचा कडकपणा वाढतो असं दिसलं. तापवणं म्हणजे काहीशे अंश. आणि नियोडिमियम चुंबक ३१० अंशांच्या आसपास आपलं चुंबकत्व पूर्ण विसरतं, साध्या ग्रेडची तर ८० अंशांच्या पुढेच ताकद कमी व्हायला लागते. (म्हणूनच असं चुंबक हॉस्पिटलच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, टाकता येत नाही, तिथे १२१ किंवा १३४ अंश असतात, त्याला ईटीओ म्हणजे इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करतात.)

मग हे अशक्यच आहे का? नाही. कारखान्यात बऱ्याच चुंबकांना आधी कोटिंग करतात आणि अगदी शेवटी जोरदार चुंबकीय झटका देऊन चुंबक बनवतात, म्हणजे भट्टीत जाताना ते नुसता धातूचा तुकडा असतो. त्यामुळे विसरण्याचा प्रश्न सुटतो. पण त्याच्या मागचा प्रश्न उरतो आणि तो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. नियोडिमियम चुंबक तापवलं की एका दिशेने, म्हणजे त्याच्या चुंबकीय अक्षाच्या दिशेने, प्रसरण पावतं, आणि आडव्या दिशेने किंचित आकुंचन पावतं! टायटॅनियम मात्र तापलं की सगळीकडून वाढतं. एक आवरण वाढतंय आणि आतला माणूस एका बाजूने वाढतोय दुसऱ्या बाजूने आकसतोय, मग थंड होताना कडांवर आणि कोपऱ्यांवर ताण येतो, आणि कोटिंग कायम कडांवरच आधी फाटतं. म्हणून चुंबकाच्या कडा गोल केलेल्या असल्या पाहिजेत.

मग डबीतच का नाही बंद करत?

करतात, आणि डॉक्टर लोक ज्या चुंबकांवर विश्वास ठेवतात ती बहुतेक तशीच असतात. कॉक्लिअर इम्प्लांटमधलं चुंबक टायटॅनियमच्या छोट्या डबीत लेसरने वेल्ड करून बंद केलेलं असतं. जपानमध्ये कवळी धरून ठेवायला दातांची जी चुंबकं वापरतात तीही स्टीलच्या वेल्ड केलेल्या डबीत असतात. अशी डबी हेलियम वायूने तपासता येते, हेलियमचे अणू इतके छोटे की जराशी गळती असली तरी यंत्राला कळते. कोटिंगची अशी शंभर टक्के खात्री देणारी तपासणी करणं फार अवघड.

मग सगळ्यांनाच डबी का नको? आकारासाठी. बोटात मावेल असं तीन बाय एक मिलिमीटरचं इम्प्लांट घ्या आणि डबीची भिंत फक्त ०.२ मिलिमीटर धरा, तर आत चुंबकाला २.६ बाय ०.६ एवढीच जागा उरते, म्हणजे निम्म्याहून जास्त चुंबक गेलं. त्याच जागी पाच मायक्रॉनचं कोटिंग दिलं तर ९८ टक्के चुंबक शिल्लक राहतं. वर लहान चुंबकाचं क्षेत्र अंतराबरोबर फार वेगाने उतरतं, जरा लांबून बघितलं तर अंतर दुप्पट केल्यावर आठवा हिस्साच उरतो. कानामागचं चुंबक मोठं असतं, समजा दहा बाय तीन, तिथे तेवढ्याच जाडीच्या डबीने वीसएक टक्केच नुकसान होतं, म्हणून तिथे डबी परवडते. नवीन मिश्रधातूंची खरी गरज आहे ती या छोट्या चुंबकांना.

आणि डबी म्हणजे संपलं असंही नाही. वर ते पाठीचे रॉड सांगितले ना, त्यांचं बाहेरचं सगळं टायटॅनियमच्या मिश्रधातूचं होतं, मंजूर धातू. पण रॉड लांब व्हायचा म्हणजे त्याला हलणारा सांधा हवा आणि हलणाऱ्या सांध्याला वेल्ड करता येत नाही. काही मुलांमध्ये रॉड काढल्यावर आजूबाजूचं मांस काळं पडलेलं दिसलं, त्यात टायटॅनियमचे कण होते, आणि २०२० मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने ते रॉड नवीन बसवणं थांबवायला सांगितलं. तिथे मात्र, बघा, कडक आणि न झिजणारं कोटिंग खरंच कामाचं ठरू शकतं. म्हणजे टायटॅनियम-सोन्याला चुंबकवाल्या इम्प्लांटमध्ये जागा असलीच तर ती चुंबकाच्या अंगावर नसून त्याच्या शेजारच्या घासणाऱ्या भागावर जास्त आहे.

मग चुंबकासाठी कुठल्या मिश्रधातूंकडे बघावं?

टँटॅलम आणि नायोबियम हे दोन धातू मऊ, वाकणारे आणि शरीरात जवळजवळ न विरघळणारे आहेत, टँटॅलम तर हाडांच्या इम्प्लांटमध्ये वापरतातच. टायटॅनियम-नायोबियम-झिर्कोनियमचे मिश्रधातू आहेत, त्यात नेहमीच्या टायटॅनियम मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम नाही. ओसाकाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये टायटॅनियम, नायोबियम, टँटॅलम, झिर्कोनियम आणि मॉलिब्डेनम असे पाच धातू सारख्या प्रमाणात घेऊन शरीरासाठीचा मिश्रधातू केला.

पण मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती धात्विक काचेची. काच म्हणजे खिडकीची नव्हे, धातूच, फक्त त्यातले अणू काचेसारखे अस्ताव्यस्त गोठलेले. त्यामुळे त्यात कण नसतात आणि कणांच्या मधल्या सीमा पण नसतात, आणि पाण्याला आत जायच्या वाटा बहुतेक त्या सीमांमधूनच असतात. अडचण अशी की अशा अनेक मिश्रधातूंत निकेल किंवा तांबं असतं. ते वगळून केलेले टायटॅनियम आणि झिर्कोनियमचे प्रकार आहेत, आणि ते गरम न करताही चढवता येतात. उलट तापवलं तर बिघडतात, म्हणजे भट्टीचा घोळ आपोआप टळतो.

कोटिंगने न सुटणारे प्रश्न

एमआरआय हा त्यातला मोठा. एमआरआय मशीनचं चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप), शरीरातलं चुंबक त्याच्याशी जुळायला स्वतः वळायचा प्रयत्न करतं, कातडी ओढली जाते, दुखतं, कधी चुंबक जागेवरून सरकतं किंवा कमजोर होतं. जगातलं कुठलंही कोटिंग हे थांबवू शकत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये आता काही कंपन्या डबीच्या आत गोल फिरू शकणारं चुंबक देतात, ते स्वतःच वळून जुळतं म्हणून कातडीवर जोर येत नाही. तुमच्या घरी कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं मूल असेल तर त्याच्या इम्प्लांटचं कार्ड कायम जवळ ठेवा आणि एमआरआय करायच्या आधी इम्प्लांटचं मॉडेल सांगितल्याशिवाय आत पाठवू नका.

दुसरा प्रश्न दाबाचा. आतलं आणि बाहेरचं चुंबक मधल्या कातडीला चिमटीत धरतात, चिमटा जास्त जोराचा असला की तिथलं रक्त कमी होतं आणि कातडी लाल होऊन पुढे जखम होते. बाहेरचं चुंबक कमी ताकदीचं बदलून मिळतं, ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) सांगायचं, लालसरपणा दिसला की वाट बघत बसायचं नाही.

"ऑनलाइन मॅग्नेट मागवून बोटात बसवू का?"

ही हौशी मॅग्नेट मेडिकल डिव्हाइस म्हणून तपासली गेलेली नसतात. साधं बाजारातलं निकेलवालं चुंबक तर चुकूनही नको. विकणारा "बायोकम्पॅटिबल कोटिंग" लिहितो तेव्हा विचारा की कोटिंगची जाडी किती, थर किती, कडा गोल आहेत का, मिठाच्या गरम पाण्यात किती दिवस ठेवून बघितलं, आणि प्रत्येक नग तपासला की ढिगातले दोन. उत्तर नाही मिळालं तर धातूचं नाव कितीही भारी असो, टायटॅनियम-सोनं असो नाहीतर आणखी काही, त्याने फरक पडत नाही.

ज्यांनी आधीच बसवलंय त्यांच्यासाठी खुणा सांगतो. जखम भरल्यावर महिन्यांनी परत सूज येणं, कातडीखाली निळा-काळा डाग दिसायला लागणं, चुंबकाची पकड अचानक कमी होणं. यातलं काही दिसलं तर पाणी आत गेलंय असं धरून चाला आणि सर्जनकडे जा, दाबून बघू नका आणि बाहेरून दुसरं जोरदार चुंबक लावून तर अजिबात बघू नका, कारण आतलं तडकलेलं असलं तर त्याने त्याचे तुकडे होतात आणि मग एक अख्खं चुंबक काढण्याऐवजी डॉक्टरला पूड खरवडावी लागते.